उभ्या गाडीचं इंजिन झिजत नाही

पडवीत, गोठ्यात, सोसायटीच्या जिन्याखाली किंवा बंद दुकानाच्या मागच्या खोलीत दहा-पंधरा वर्षं ताडपत्रीखाली उभी असलेली मोटारसायकल बाहेर काढली, की तिच्याभोवती चार माणसं हमखास जमतात आणि त्या चौघांचं एका वाक्यावर विलक्षण एकमत असतं: इंजिन गेलं. किक कुणी मारलेली नसते. प्लग काढलेला नसतो, टाकीचं झाकण उघडून वाससुद्धा घेतलेला नसतो. तरी निकाल लागलेला असतो. मग गॅरेजवाला येतो. तो अनुभवी असल्यामुळे ‘गेलं’ असं अशुभ बोलत नाही. टाकीवरून हात फिरवतो, किक दोनदा पायानं दाबून बघतो, मान हलवतो आणि म्हणतो, “काका, खोलायला लागेल.”

या मताचं पूर्ण रूप असं. गाडी इतकी वर्षं उभी, म्हणजे आतलं ऑइल सुकलं, रिंगा धरल्या, सिलिंडरला गंज चढला, सीलं कडक झाली. तेव्हा कार्बोरेटर साफ कर, पॉइंट घास असल्या किरकोळ उद्योगांत वेळ घालवू नये. इंजिन सरळ उतरवावं, सिलिंडर बोअर करून घ्यावा, पिस्टन-रिंगा नव्या, व्हॉल्व्ह नवे, कनेक्टिंग रॉडचं किट नवं, जमलंच तर कार्बोरेटर आणि कॉइलही नवी. एकदाच काय तो खर्च, मग दहा वर्षं बघायला नको. हे ऐकायला इतकं समंजस वाटतं, की गाडीचा मालक मान डोलावतो आणि ॲडव्हान्स देऊन मोकळा होतो. एवढ्या सगळ्या बोलण्यात गाडीला नेमकं झालंय काय, हे मात्र कुणीच शोधलेलं नसतं.

इंजिन झिजतं ते चालून. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला हजारो किलोमीटर घासतात तेव्हा बोअर झिजतो. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर लाखो वेळा भार येतो तेव्हा ते ढिलं होतं. मग २००८ साली ताडपत्री टाकली त्या दिवशी जी गाडी ठणठणीत चालत होती, तिचा बोअर उभ्या उभ्या झिजला कसा? रात्री घरचे झोपल्यावर ती कुणी चोरून फिरवत होतं का? जुनी गाडी बाहेर काढल्यावर विचारायचा पहिला प्रश्न ‘किती वर्षं उभी आहे’ हा नसतोच. ‘उभी केली तेव्हा कशी चालत होती आणि उभी का केली’ हा असतो. वडील गेले, मुलानं स्कूटर घेतली, म्हणून उभी राहिलेली बुलेट वेगळी. धूर ओकायला लागली, दुरुस्तीला पैसे नव्हते, म्हणून उभी राहिलेली वेगळी. दोघींवर धूळ सारखीच असते. गॅरेजवाला धूळ बघतो आणि दोघींचं बिल सारखंच करतो.

उभी राहिल्यानं गाडी बिघडत नाही असं कुणी म्हणत नाही. भरपूर बिघडते. पण ती बिघडते कुठे? टाकीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट राळ उरते. रबर वाळतं. पॉइंटवर काळपट थर धरतो. बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट जमतं आणि ती मरते. उंदीर एअर फिल्टरमध्ये बाळंत होतात आणि वायरी कुरतडतात. कुंभारमाशी सायलेन्सरच्या तोंडात मातीचं घर बांधते. कोकणातल्या घराच्या पडवीत चार महिन्यांचा पाऊस आणि खारा वारा टाकीच्या तळाशी गंजाचे पापुद्रे काढतो. ही सगळी यादी पुन्हा वाचा. यातलं बहुतेक सगळं इंजिनाच्या बाहेर आहे, पान्याशिवाय किंवा एखाद्या पान्यानं पोचता येईल अशा जागी आहे. आणि उपाय कुठे चाललाय? सिलिंडर उतरवून लेथवर. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची आपली परंपरा जुनी आहे, पण ती इतक्या निष्ठेनं फार थोड्या धंद्यांत पाळली जात असेल.

यावर हमखास उत्तर येतं: “बोअर केला तर बिघडलं काय? नवाच होतो की.” होत नाही. बोअर करणं म्हणजे सिलिंडरचं लोखंड कापून काढणं, आणि कापलेलं लोखंड परत येत नाही. जुन्या बुलेट ३५० चा बोअर ७० मिलिमीटरचा. मोठ्या मापाचे पिस्टन पाव, अर्धा, पाऊण करत साधारण एका मिलिमीटरपर्यंत मिळतात. म्हणजे एका सिलिंडरच्या आयुष्यात असे तीन-चारच मौके असतात. ते संपले की स्लीव्ह ठोकायची. गरज नसताना केलेला प्रत्येक बोअर यातला एक मौका खातो. टू-स्ट्रोकमध्ये तर मामला आणखी नाजूक. आरएक्स १०० चं माप ५० बाय ५०: पन्नास मिलिमीटरचा बोअर, पन्नासचा स्ट्रोक. त्या इवल्याशा सिलिंडरच्या भिंतीत पोर्टांच्या खिडक्या. बोअर केल्यावर त्या खिडक्यांच्या कडा हातानं घासून गोल कराव्या लागतात, नाहीतर रिंग कडेत अडकते आणि तुटते. हे सगळ्याच लेथवाल्यांना ठाऊक असतं आणि घाईत बरेचजण विसरतात. ही गाडी १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं आपल्याकडे बनली. येझदी बनवणाऱ्या म्हैसूरच्या आयडियल जावाचा कारखानाही १९९६ मध्येच बंद पडला. कंपनीच्या मापाचा, एकदाही न कापलेला सिलिंडर ही आता बनणारी वस्तू राहिलेली नाही. आणि तो कापायला आपण निघतो कशाच्या जोरावर? दोनदा दाबून बघितलेल्या किकच्या!

त्या किकचाच आधी समाचार घेऊ, कारण ‘कॉम्प्रेशनच नाही’ हा या पक्षाचा हुकमी एक्का आहे. पाय ठेवला की किक फुसकन खाली जाते, म्हणजे रिंगा गेल्या. पण किक फुसकी जायची कारणं किती! वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल निथळून गेलेलं असतं. कोरड्या भिंतीशी कोरड्या रिंगा हवा धरत नाहीत. प्लगच्या भोकातून दोन चमचे ऑइल सोडा, हातानं इंजिन चार वेळा फिरवा आणि पुन्हा बघा. कॉम्प्रेशन वाढलं तर हवा रिंगांकडून जात होती, आणि चालल्यावर ते आपोआप सुधारायची शक्यता मोठी. नाही वाढलं, तर हवा व्हॉल्व्हकडून जातेय. जो व्हॉल्व्ह उघडा असताना इंजिन थांबलं होतं त्याच्या बैठकीवर गंजाचा पातळ थर असतो, नाहीतर टॅपेट घट्ट असतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. जुन्या बुलेटला तर वरून एक डिकम्प्रेसरही आहे: सिलिंडर हेडमधला एक छोटा व्हॉल्व्ह, जो केबलनं उघडतो, किक मारताना दाब सोडण्यासाठी. ती केबल गंजून अर्धवट ओढलेली राहिली, तर सगळं कॉम्प्रेशन तिथून पळून जातं. पन्नास रुपयांची केबल! तिच्यापायी किती सिलिंडर कापले गेले असतील, याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही म्हणून बरं.

मग कुणीतरी कॉम्प्रेशन गेज घेऊन येतो आणि आता शास्त्र सुरू झालं असं वाटतं. गेज लावतो, किक मारतो, आकडा कमी दाखवतो. अरे, पण ॲक्सिलरेटर पूर्ण उघडलास का? बंद थ्रॉटलनं सिलिंडरमध्ये हवाच पुरेशी जात नाही, मग ती दाबली जाणार कुठून? शिवाय जुन्या बुलेटचं कॉम्प्रेशन मुळातच कमी, साधारण साडेसहास एक. आजच्या गाडीचा आकडा डोक्यात ठेवून तिची परीक्षा घेतली तर ती शोरूममधून निघाली त्या दिवशीही नापास झाली असती.

आता धूर. या प्रकरणात मला सर्वांत जास्त राग येतो तो इथे, कारण इथे गाडी चालू झालेली असते! इतक्या वर्षांनी इंजिनानं पहिला आवाज दिलेला असतो, आणि त्याच क्षणी सायलेन्सरमधून निळा-पांढरा धुराचा लोट निघतो, अख्खी गल्ली भरते, आणि जमलेले लोक समाधानानं म्हणतात, “बघा, सांगितलं होतं ना!” काय सांगितलं होतं? जुन्या, ओतीव लोखंडी सिलिंडरच्या बुलेटमध्ये ऑइल वेगळ्या टाकीत असतं. ती टाकी क्रँककेसमध्येच ओतलेली आहे, म्हणून बाहेरून दिसत नाही एवढंच. पंप तिथलं ऑइल क्रँककडे पाठवतो, दुसरा पंप ते परत आणतो. गाडी बंद असताना हे ऑइल पंपाच्या चकत्यांमधून हळूहळू झिरपत क्रँकखाली जमतं. एका आठवड्यात थोडं, दहा वर्षांत जवळपास सगळं. अशा अवस्थेत गाडी सुरू केली की क्रँक त्या तळ्यात फिरते, ऑइल उडवते, ते पिस्टनवरून वर चढून जळतं. धूर येणारच. काही मिनिटं गाडी चालू राहिली की परतीचा पंप ऑइल टाकीत परत नेतो आणि धूर उतरतो. त्याहून शहाणा माणूस चालू करण्याआधीच क्रँककेसच्या तळाचा बोल्ट काढून ते ऑइल सोडून देतो आणि नवं भरतो.

पण आपल्याकडे होतं काय? आधी डिपस्टिक बघतात. टाकीतलं ऑइल तर खाली उतरलेलं, डिपस्टिक कोरडी. मग ‘ऑइल खातेय’ असा शोध लागतो आणि वरून लिटर-दीड लिटर ओततात. आता गाडीत गरजेपेक्षा बरंच जास्त ऑइल. सुरू केल्यावर ब्रीदरच्या नळीतून ऑइलचे फवारे, मागून धूर. निदान पक्कं: रिंगा गेल्या, बोअर करा. आजार आपणच पाजलेला असतो आणि शस्त्रक्रियाही आपणच सुचवतो. बुलेट १९५५ पासून मद्रासमध्ये जोडायला लागले. म्हणजे ही ऑइल झिरपण्याची गोष्ट आपल्या गॅरेजांना पिढ्यान् पिढ्या दिसत आलेली आहे. तरी ती दर वेळी नव्यानं धक्का देते, याला काय म्हणावं?

टू-स्ट्रोकमध्ये धुराची गोष्ट वेगळी, चूक तीच. येझदी, राजदूत, आरएक्स यांच्या क्रँकला दोन्ही बाजूंनी ऑइल सील असतात. वर्षानुवर्षं एका जागी राहून सीलचं रबर कडक होतं, ओठ क्रँकला नीट धरत नाही. गिअरबॉक्सच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढून घेतं आणि जाळतं. धूर दाट, पांढरट, आणि वास टू-टी ऑइलचा नसतो. एकदा घेतलेला माणूस तो वास विसरत नाही. चार दिवस चालवून गिअर ऑइलची पातळी बघा, उतरलेली असेल. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर तिथून हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं, ॲक्सिलरेटर सोडला तरी आवाज खाली येत नाही, इंजिन आपल्याच नादात बोंबलत राहतं. दोन्ही प्रकारांत सिलिंडरचा संबंध शून्य. सिलिंडर कापून, नवा पिस्टन घालून ती गाडी परत आली की पुन्हा तोच धूर टाकते. मग गॅरेजवाला म्हणतो, “पिस्टन ड्युप्लिकेट निघाला.” तोही असेल म्हणा!

पहिल्या सुरुवातीला सायलेन्सरमधून निघणारी पांढरी वाफ आणि पाण्याचे थेंब यांबद्दल तर बोलायलाच नको. थंड सायलेन्सरमध्ये साठलेला ओलावा आहे तो. त्यालाही ‘धूर’ म्हणून इंजिन उतरवायला निघालेली माणसं या महाराष्ट्रात आहेत.

बरं, गाडी सुरूच होत नसेल तर? इथे समोरच्या पक्षाचे दोन तट पडतात. एक म्हणतो खोला. दुसरा म्हणतो जुनं लोखंड आहे, काही होत नाही, टाक पेट्रोल आणि मार किक. नाहीच झाली तर दुसऱ्या गिअरमध्ये ढकला. हा दुसरा तट दिसायला दिलदार, पण पहिल्याला गिऱ्हाईक पुरवणारा तोच. धरलेल्या पिस्टनवर उड्या मारून किकचे दाते मोडणारा तो, गंजाचे पापुद्रे असलेल्या टाकीत नवं पेट्रोल ओतून सगळा गाळ कार्बोरेटरमध्ये पोचवणारा तो, कोरड्या सिलिंडरमध्ये रिंगा खरवडून घेणाराही तोच. त्याच्या अर्ध्या तासाच्या उत्साहानंतर इंजिन खरंच खोलायची वेळ येते, आणि पहिला तट म्हणतो, “बघा.”

या दोघांच्या मधला रस्ता इतका सरळ आहे की तो कुणाला का दिसत नाही हेच कोडं. इंजिन चालायला तीन गोष्टी लागतात: ठिणगी, पेट्रोल-हवेचं मिश्रण आणि कॉम्प्रेशन. तिन्ही वेगवेगळ्या तपासता येतात, आणि तपासायच्या असतात त्या एक-एक करून. बुलेटच्या हेडलाइटवर तर कंपनीनं तपासणीचं यंत्र फुकट बसवून दिलंय. त्या अँपिअर मीटरकडे आपण शोभेची वस्तू म्हणून बघतो. पॉइंटवाल्या बुलेटची चावी फिरवा आणि किक सावकाश, हातानं दाबा. पॉइंट जुळले की कॉइल करंट घेते आणि काटा उणेकडे झुकतो. पॉइंट उघडले की मध्यावर येतो. काटा असा हलत असेल तर बॅटरीपासून पॉइंटपर्यंतची वाट शाबूत आहे. मुळीच हलला नाही, तर पॉइंटवर थर आहे किंवा वाट कुठेतरी तुटलीय. झुकून तिथेच राहिला, तर पॉइंट उघडतच नाहीत किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. एक स्क्रू न काढता एवढं कळतं! तरी लोक आधी कॉइल विकत घेतात, मग कंडेन्सर, मग पॉइंट, आणि शेवटी कळतं की बॅटरी मेलेली होती.

ठिणगी बघण्याचीही एक गंमत. प्लग काढून हेडला टेकवायचा, किक मारायची, नारिंगी ठिणगी दिसली की ‘करंट आहे’ म्हणून मोकळं व्हायचं. उघड्या हवेत उडणारी मरतुकडी ठिणगी सिलिंडरमधल्या दाबाखाली उडेलच असं नाही. दाबलेल्या हवेतून उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. ठिणगी निळसर, जाड, चटका बसेल अशी हवी. पॉइंटवरच निळे स्फुल्लिंग फुटत असतील तर कंडेन्सर संशयित. पॉइंटवरचा थर बारीक पॉलिश पेपरनं आणि मग जाड कोऱ्या कागदानं पुसून निघतो. याला खर्च किती? कागदाचा.

पेट्रोलचं प्रकरण जास्त बारकाईनं बघायला हवं, कारण उभ्या गाड्यांतल्या बहुतेक तक्रारी इथेच संपतात. पेट्रोलमधला हलका भाग आधी उडतो, तोच थंड इंजिन पेटवणारा असतो. उरतं ते राळेसारखं, आणि ते सुकतं कुठे? जिथे भोक सर्वांत बारीक, तिथे. कार्बोरेटरमधल्या पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. ते बुजलं की गाडी चोकवर सुरू होते, चोक उघडला की मरते, आयडलिंग धरत नाही, ॲक्सिलरेटर वाढवून ठेवला तर चालते. ही लक्षणं पायलट जेटची सही आहे, इतकी स्पष्ट. पण ती ऐकून सांगितलं जातं, “टॉर्क नाही राहिला, बोअर गेलाय.” किंवा त्याहून आधुनिक सल्ला: नवा कार्बोरेटर बसवा. मग पुण्याच्या नाना पेठेतून किंवा मुंबईच्या कुर्ल्यातून ‘सेम टू सेम’ कार्बोरेटर येतो. आकार सेम असतो. जेट कुठल्या गाडीचे, ते ज्यानं बनवला त्यालाच माहीत. आता गाडीला दोन आजार झाले. आणि जुना, मूळ कार्बोरेटर, ज्याला क्लीनरचा एक डबा आणि कॉम्प्रेसरची हवा पुरली असती, तो भंगाराच्या पिंपात. (सेफ्टी पिननं जेट टोकरणाऱ्यांनी हे वाचून खूश होऊ नये. जेट मऊ पितळेचं असतं; टोकरलं की भोक मोठं होतं आणि मग खरोखरच नवं घ्यावं लागतं.)

कार्बोरेटर साफ करूनही गाडी दोन किलोमीटरवर बंद पडते, जरा थांबलं की सुरू होते. निकाल तयार: “पिस्टन पकडतोय, गरम होऊन जाम होतंय.” होईलही. पण त्याआधी टाकीचं झाकण उघडून बघितलं का? झाकणात हवा आत यायला एक सुईएवढं भोक असतं. ते गंजानं किंवा पेंटनं बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरत नाही. झाकण उघडताच ‘फुस्’ झालं आणि गाडी सुरू झाली, तर आजार सापडला. झाकण उघडूनही फरक नाही, तर त्याच क्षणी, गरम असतानाच, ठिणगी बघायची. कॉइल आणि कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देतात आणि थंड झाल्यावर साळसूद होतात. गॅरेजात पोचेपर्यंत गाडी थंड होते, ठिणगी उत्तम दिसते, आणि संशय पुन्हा बिचाऱ्या पिस्टनवर जातो. टाकीचा संशय असेल तर टाकी बाजूला ठेवावी, बाटलीत ताजं पेट्रोल घ्यावं आणि रुग्णाला सलाइन लावतात तशी ती उंच टांगून थेट कार्बोरेटरला जोडावी. बाटलीवर गाडी चालली आणि टाकीवर नाही, तर इंजिनाविषयीची सगळी चर्चा तिथेच थांबते. २०२५ मध्ये आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांवर गेलं. इथेनॉल ओलावा ओढतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. म्हणजे जुन्या गाडीची टाकी आणि नळ्या आधी तपासायची गरज वाढली आहे. आपण मात्र अजून सिलिंडरकडेच बोट दाखवतोय.

क्लचचंही थोडक्यात. वर्षानुवर्षं दाबलेल्या प्लेटा एकमेकींना चिकटतात, गिअर टाकताच गाडी झेप घेऊन बंद पडते, आणि लोक गिअरबॉक्स खोलतात. बुलेटचा क्लच दाबून धरून दहा-बारा किक मारल्या तर त्या बहुतेक वेळा सुटतात.

मग हे मत इतकं टिकून का आहे? मेकॅनिक लबाड असतात म्हणून, असं म्हणणं सोपं आहे, आणि अन्यायाचंही. खरं कारण गिऱ्हाईकाच्या खिशात आहे. आपण पार्टचे पैसे देतो, शोधायचे देत नाही. मेकॅनिकनं दोन तास बसून अँपिअर मीटर, पॉइंट, जेट, झाकण बघितलं, शेवटी झाकणाचं भोक मोकळं केलं आणि पाचशे रुपये मागितले, तर आपण विचारतो, “नुसतं बघायचे पाचशे?” त्याच मेकॅनिकनं इंजिन उतरवलं, लेथवर पाठवलं, बोअर, पिस्टन, गॅस्केट, सीलं, मजुरी असं लांबलचक बिल दिलं, तर आपण जुना पिस्टन पिशवीत घालून अभिमानानं घरी आणतो आणि शोकेसमध्ये ठेवतो. त्याला शहाणं कुणी केलं? डोकं वापरलं तर भांडण आणि लोखंड कापलं तर पैसे, असा व्यवहार असल्यावर तो काय करेल?

हो, इंजिन खोलावं लागतं अशा गाड्या असतात. प्लगच्या भोकातून डिझेल आणि पातळ ऑइलचं मिश्रण सोडून, कित्येक दिवस मुरू देऊन, वरच्या गिअरमध्ये मागचं चाक हलकेच मागेपुढे करूनही पिस्टन सुटत नसेल, तर खोला. क्रँकच्या बेअरिंगमध्ये पाणी जाऊन खड्डे पडले असतील आणि खालून ठकठक येत असेल, तर खोला. मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा हजारभर रुपयांच्या आत मिळतो. प्लगच्या भोकातून तो आत सोडून भिंतीवर नख अडकेल असे खड्डे दिसले, तर खोला. पण ही यादी इतकी आखूड आहे की ती पाठ होते, आणि तिच्यातली प्रत्येक गोष्ट आधी बघून ठरवायची आहे. गाडीच्या पाटीवरचा जुना नंबर वाचून नव्हे.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी “खोलायला लागेल” म्हणालं, की मान डोलावू नका. उलटतपासणी घ्या. ठिणगी कसली होती, निळी की नारिंगी? बाटलीवर चालवून बघितली? पायलट जेटमधून उजेड दिसला? ऑइल घालून कॉम्प्रेशन किती वाढलं? डिकम्प्रेसरची केबल सैल केली होती? क्रँककेसमधून किती ऑइल निघालं? यांतल्या निम्म्यांचीही उत्तरं नसतील, तर इंजिनाच्या एकाही नटाला पाना लागता कामा नये. आणि उत्तरं असूनही बोअरच ठरला, तर सिलिंडर लेथवर चढण्याआधी बोअर गेजनं त्याचं माप तुमच्यासमोर घ्यायला लावा: वर, मध्ये, खाली, आणि दोन्ही दिशांनी. आकडे कागदावर लिहून घ्या. ते घ्यायला जो तयार नाही, त्याला तुमच्या इंजिनाबद्दल त्या जमलेल्या चौघांपेक्षा एक अक्षरही जास्त माहीत नाही. सिलिंडर काखेत मारा आणि घरी परत या.